ग्रीक व्याकरणाचा संदर्भग्रंथ निवडताना

सांगलीत आमचा पाच जणांचा एक छोटा अभ्यासगट आहे. रविवारी सकाळी विश्रामबागेतील एका घरी आम्ही जमतो आणि दोन तास प्राचीन ग्रीक वाचतो. दोघे संस्कृत घेऊन पदवीधर झालेले आहेत, एक इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, एक बाई मिरजेहून येतात व त्यांना नवा करार मुळातून वाचायचा आहे, आणि पाचवा मी. गटात नव्याने डोकावणारा प्रत्येक जण महिन्याभरात एकच प्रश्न विचारतो: व्याकरणाचे पुस्तक कोणते घेऊ? एखादे नाव सांगून मोकळे होणे सोपे असते, आणि मीही काही वर्षे तेच करीत असे. परंतु ज्यांना ते नाव सांगितले त्यांपैकी बऱ्याच जणांची पुस्तके पुढे कपाटाबाहेर आलीच नाहीत. म्हणून आता मी नाव सांगण्याआधी पुस्तक तपासण्याची रीत सांगतो.

त्याआधी एक घोळ मिटवला पाहिजे. धडे देणारे पुस्तक वेगळे आणि संदर्भासाठीचे व्याकरण वेगळे. संस्कृत शिकलेल्यांना हे पटकन कळते: भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेत आपण धड्यामागून धडा असे पुढे सरकतो, तर काळ्यांचे हायर संस्कृत ग्रामर अडले की उघडतो आणि काम झाले की मिटतो. काळ्यांचे व्याकरण पहिल्या पानापासून वाचत जाऊन संस्कृत शिकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ग्रीकमध्येही ज्याला अजून चोवीस अक्षरे अडखळत वाचावी लागतात, त्याने संदर्भव्याकरण घेण्याची घाई करू नये. धड्यांच्या पुस्तकाच्या शेवटी दिलेले तक्ते त्याला पुष्कळ दिवस पुरतात. संदर्भव्याकरण लागते ते एखाद्या ग्रीक लेखकाचा खरा मजकूर समोर आल्यावर, कारण तो लेखक आपल्या धड्यांच्या क्रमाने लिहीत नाही.

मग पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा: मी कोणाचे ग्रीक वाचणार आहे? होमरची महाकाव्ये आणि नवा करार यांच्यात सुमारे ८०० वर्षांचे अंतर आहे, म्हणजे ज्ञानेश्वरी आणि आजचे वर्तमानपत्र यांच्यात आहे त्याहूनही थोडे जास्त. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला शालेय मराठी व्याकरण जेवढे उपयोगी पडेल, तेवढेच अथेन्सच्या गद्याचे व्याकरण होमर वाचणाऱ्याला उपयोगी पडते: पाया म्हणून हवेच, पण एकटे पुरत नाही. बहुतेक मोठी व्याकरणे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या व चौथ्या शतकांतील अथेन्सच्या भाषेला, म्हणजे अ‍ॅटिक बोलीला, केंद्रस्थानी धरतात आणि बाकीच्या बोली तिच्या कडेने मांडतात. प्लेटो, झेनोफन, लिसियस किंवा नाटककार वाचायचे असतील तर ही मांडणी अगदी सोयीची आहे.

आमच्याकडील वाचकाचा ओढा मात्र पुष्कळदा दुसरीकडे असतो, आणि तो मला रास्त वाटतो. सांगलीहून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. ती पाहून आलेल्या माणसाला आपल्या भागाबद्दल ग्रीकांनी काय लिहिले आहे, ते मुळातून वाचावेसे वाटले तर त्यात नवल नाही. आमच्या इतिहासाच्या सरांना म्हणूनच 'पेरिप्लस' वाचायचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने लिहिलेल्या या सागरी मार्गदर्शिकेत बारिगाझा म्हणजे भडोच, तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर, अशी नोंद आहे. हे ग्रीक प्लेटोचे नाही. बंदरोबंदरी फिरणाऱ्या माणसाचे, त्याच्या काळच्या सामायिक भाषेतले, म्हणजे कोइने ग्रीक आहे. मौर्य दरबारी आलेला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस याचा भारतावरचा ग्रंथ आज अवतरणांतूनच शिल्लक आहे. ती अवतरणे स्ट्रेबो या भूगोलकाराकडे शोधली तर एक भाषा भेटते. अ‍ॅरियनच्या 'इंडिका'त शोधली तर वेगळीच, कारण अ‍ॅरियनने ते पुस्तक हिरोडोटसच्या थाटात मुद्दाम आयोनिक बोलीत लिहिले. ज्या व्याकरणात आयोनिक रूपे पटकन सापडत नाहीत, ते अ‍ॅरियनच्या वाचकाला दुसऱ्याच पानावर एकटे सोडते.

आता तपासणीची रीत. पुस्तक हातात आले की प्रस्तावना वाचू नये, अनुक्रमणिकाही नंतर पाहावी. आधी शेवटची पाने उघडावीत आणि सूची पाहावी. संदर्भव्याकरण हे सूचीच्या वाटेने वापरले जाते, आणि ज्याची सूची लंगडी, त्याचे आतले ज्ञान कितीही मोठे असले तरी ते आपल्या हाती लागत नाही. ग्रीक शब्दांची स्वतंत्र सूची आहे का? विषयांची वेगळी आहे का? उदाहरणादाखल घेतलेल्या उताऱ्यांची, लेखक व स्थळ यांनुसार केलेली सूची आहे का? ही तिसरी सूची नवख्याला अनावश्यक वाटते, पण ती असली तर आपण वाचत असलेल्या वाक्याबद्दलच ग्रंथकाराने कोठे काही म्हटले आहे का, हे थेट कळते. यानंतर आपल्याला खरोखर अडलेले एक वाक्य घ्यावे आणि त्यातील अडचणी त्या पुस्तकात शोधाव्यात. मी त्यासाठी घड्याळ लावून बसतो. दोन मिनिटांत योग्य कलमापाशी पोहोचलो, तर पुस्तक माझ्या कामाचे.

मी वापरतो ते वाक्य प्लेटोच्या 'अपोलॉजी'चे, म्हणजे सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचे, अगदी पहिले आहे. देवनागरीत ते साधारण असे लिहिता येईल: होती मेन ह्युमेइस, ओ आन्द्रेस अथेनाइओइ, पेपोन्थाते ह्युपो तोन एमोन कातेगोरोन, ऊक ओइदा. अर्थ असा की अथेन्सच्या नागरिकांनो, माझ्यावर आरोप करणाऱ्यांमुळे तुमच्या मनावर काय परिणाम झाला आहे, ते मला ठाऊक नाही. वाक्य लहान आहे, पण व्याकरणाच्या पुस्तकाचे पाणी जोखायला पुरेसे आहे.

पहिली अडचण पेपोन्थाते या रूपाची. हे रूप पास्खो, म्हणजे सोसणे, भोगणे, या धातूचे आहे, परंतु दोघांत पहिला 'प' सोडला तर डोळ्यांना काहीच समान दिसत नाही. धातूची मुख्य रूपे पास्खो, पेइसोमाइ, एपाथोन, पेपोन्था अशी चालतात, आणि त्यातले पेइसोमाइ हे 'मी ऐकेन, मानेन' या अगदी वेगळ्या धातूचेही भविष्यकाळाचे रूप आहे. म्हणून चांगल्या संदर्भव्याकरणात अनियमित धातूंची भरघोस यादी असावी लागते. ती नसेल, तर पुस्तक तेथेच मिटावे.

दुसरी अडचण जास्त मोलाची आहे. ह्युपो हा शब्द षष्ठीबरोबर येऊन कर्मणी वाक्यातला कर्ता, म्हणजे 'कोणाकडून', हे दाखवतो, असे आपण धड्यांत शिकलेलो असतो. येथे तर क्रियापद रूपाने कर्तरी आहे! नवखा वाचक येथे हमखास गोंधळतो. मराठी माणसाने मात्र गोंधळू नये. 'तो पोलिसांकडून मार खातो' या वाक्यात 'खाणे' हे क्रियापद रूपाने कर्तरीच आहे, पण अर्थ मारले जाण्याचा आहे आणि म्हणून 'पोलिसांकडून' तेथे सहज बसते. ग्रीक पास्खो नेमका असाच चालतो, आणि आपोथ्नेस्को म्हणजे 'मरणे' हा धातूही ह्युपोबरोबर आला की 'कोणाकडून मारला जाणे' असा अर्थ देतो. व्याकरणात हा मुद्दा प्रयोगांच्या प्रकरणात यायला हवा आणि ग्रीक सूचीत ह्युपोखाली त्याचा निर्देश हवा. ज्या छोट्या पुस्तकांत ह्युपोपुढे फक्त 'षष्ठीसह: कडून' एवढेच लिहिलेले असते, ती शब्दकोशाची जागा घेतात, व्याकरणाची नव्हे.

तिसरी अडचण ओइदा. 'मला ठाऊक आहे' हा वर्तमानकाळाचा अर्थ, पण रूप पूर्ण क्रियेचे, ज्याला इंग्रजी व्याकरणे परफेक्ट म्हणतात. येथे आमच्या गटातील संस्कृतवाल्यांचे डोळे चमकतात, कारण संस्कृतात हेच रूप सख्ख्या भावंडासारखे उभे आहे: वेद. पाणिनीचे 'विदो लटो वा' हे सूत्र ज्यांच्या कानावरून गेले आहे, त्यांना आठवेल की विद् धातूला वर्तमानाच्या अर्थी परोक्ष भूतकाळाचे, म्हणजे लिट् लकाराचे, प्रत्यय विकल्पाने लागतात, आणि म्हणून 'वेत्ति' याबरोबर 'वेद' हेही चालते. अनेकवचनात वेदचे विद्म होते, ओइदाचे इस्मेन होते. दोन्हीकडे मूळ स्वर आखडतो. हे सगळे ग्रीक व्याकरण सांगेलच असे नाही. पण ओइदाचा पूर्ण तक्ता ते देते का, आणि पूर्ण क्रियेचे रूप मुळात 'पाहिले आहे, म्हणून आता ठाऊक आहे' अशी स्थिती दाखवते हे समजावून सांगते का, एवढे जरूर पाहावे.

दुसरी कसोटी संकेतार्थाची ठेवावी. 'पाऊस वेळेवर पडला असता तर हळद चांगली आली असती' असे वाक्य आमच्या बाजारपेठेत रोज ऐकू येते. पाऊस पडला नाही, हळद आली नाही, हे दोन्ही त्यात न सांगता सांगितलेले असते. मराठी ते 'असता' आणि 'असते' यांवर भागवते. ग्रीक भाषा 'जर'साठी एइ आणि मुख्य वाक्यात भूतकाळाच्या रूपाबरोबर आन हा लहानसा निपात, म्हणजे आपल्या 'च', 'तर' यांसारखा छोटा न बदलणारा शब्द, वापरते. पुस्तकात आन शोधावा आणि त्याचे सगळे उपयोग एका ठिकाणी गोळा केलेले आहेत की दहा कलमांत विखुरलेले आहेत, ते पाहावे. येथेच परिभाषेचा फरकही लक्षात येतो. स्माइथ व गुडविन यांच्यासारखे जुने ग्रंथकार भविष्यकालीन अटींना 'मोअर व्हिव्हिड' आणि 'लेस व्हिव्हिड' अशी नावे देतात, तर केंब्रिजचे नवे व्याकरण त्यांनाच 'प्रॉस्पेक्टिव्ह' आणि 'पोटेन्शियल' म्हणते. दोन पुस्तके बाळगणाऱ्याने वहीत अशा जोड्या मांडून ठेवल्या नाहीत, तर तेच दुखणे दोन डॉक्टरांनी दोन नावांनी सांगावे तसे होते.

तिसरी कसोटी निपातांची, आणि ती मराठी माणसासाठी खास. 'मला वाटते' आणि 'मला तरी वाटते' यांत किती फरक आहे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. 'च', 'तर', 'तरी', 'ना', 'म्हणे', 'की' यांनी आपण दिवसभर वाक्ये वाकवीत असतो. ग्रीक भाषाही अशीच आहे: एमोइगे दोकेइ म्हणजे 'मला तरी वाटते', त्यातला गे हा अगदी आपला 'तरी'. जुन्या व्याकरणांत निपातांची यादी असते आणि प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द असतो. पण इंग्रजीला या बाबतीत फारसे साधन नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी 'इनडीड' एवढेच हाती लागते. ज्या पुस्तकात संवादातला एखादा उतारा घेऊन निपात तेथे काय करतो हे दाखवलेले असते, ते पुस्तक निवडावे, आणि इंग्रजी प्रतिशब्द ओलांडून थेट मराठी निपात शोधण्याची सवय लावून घ्यावी. ज्यांना या विषयात खोल जायचे आहे त्यांच्यासाठी डेनिस्टन यांचा ग्रीक निपातांवरचा स्वतंत्र ग्रंथ आहे, १९३४ चा, दुसरी आवृत्ती १९५४ ची. पण तो कपाटातला तिसरा-चौथा ग्रंथ, पहिला नव्हे.

या कसोट्यांवर प्रत्यक्ष पुस्तके कशी उतरतात, ते आता सांगतो.

हर्बर्ट वेअर स्माइथ यांचे ग्रीक व्याकरण १९२० चे. हार्वर्डमधील ग्रीकचे अध्यासन गुडविन यांच्यानंतर त्यांच्याकडे आले होते, आणि शंभर वर्षे उलटूनही इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर हे पुस्तक टिकून आहे. तीन हजारांहून अधिक क्रमांकित कलमे, अनियमित धातूंची मोठी यादी, आणि रूपविचाराच्या भागात पानाच्या खालच्या अंगाला बोलीभेदांच्या टिपा. या टिपांच्या क्रमांकापुढे 'डी' हे अक्षर असते. होमर किंवा अ‍ॅरियन वाचताना विचित्र वाटणारे रूप या टिपांत पुष्कळदा सापडते, आणि माझ्या मते या एका कारणासाठीही ते पुस्तक जवळ असावे. १९५६ मध्ये गॉर्डन मेसिंग यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. १९२० ची मूळ आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येते, ही आपल्याकडील वाचकासाठी लहान गोष्ट नाही. उणिवाही आहेत. उताऱ्यांची सूची मूळ पुस्तकात नाही, ती पुढे वेगळी छापली गेली. मांडणी दाट आहे, एकेका कलमात चार-चार अपवाद कोंबलेले असतात, आणि नवखा वाचक अपवादालाच नियम समजून बसतो. भाषेच्या इतिहासाबद्दल त्यात जे आहे ते त्या काळचे आहे, त्यावर फार भिस्त ठेवू नये.

केंब्रिज ग्रामर ऑफ क्लासिकल ग्रीक हे २०१९ चे, एव्हर्ट व्हान एम्डे बोआस आणि आल्बर्ट रायक्सबारोन यांच्यासह चौघांनी लिहिलेले, सुमारे ८०० पानांचे पुस्तक आहे. त्याचे तीन भाग आहेत: ध्वनी व रूपे, वाक्यरचना, आणि सलग मजकुराची वीण. हा तिसरा भाग जुन्या व्याकरणांत या रूपात नव्हताच. निपात आणि शब्दक्रम यांची चर्चा तेथे येते, आणि शेवटी काही नमुना उतारे घेऊन ते प्रत्यक्ष उलगडून दाखवले आहेत. उदाहरणे खऱ्या लेखकांची आहेत, प्रत्येकाला भाषांतर आहे, आणि उताऱ्यांची सूचीही आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला, आणि ज्याचा मुक्काम प्लेटो, झेनोफन, नाटककार यांच्या आसपास असणार आहे त्याला, मी आज हेच पहिले पुस्तक म्हणून सुचवतो. मात्र त्याच्या नावातला 'क्लासिकल' हा शब्द गांभीर्याने घ्यावा. हिरोडोटसच्या आयोनिकपुरती सोय त्यात आहे. होमर आणि नवा करार यांच्यासाठी ते लिहिलेलेच नाही.

गुडविन यांचे छोटे व्याकरण आज मुख्यतः एका कारणासाठी उपयोगी आहे: एकोणिसाव्या शतकातील टिपांसह आवृत्त्या, ज्या फुकट मिळतात म्हणून आपण सर्रास वापरतो, त्या सतत त्याच्या कलमांचा हवाला देतात. टिपेत नुसता 'जी' आणि आकडा दिसला की ते गुडविन, आणि 'जी एम टी' दिसले की त्यांचाच अर्थ व काळ यांवरचा स्वतंत्र ग्रंथ, मूळ १८६० चा आणि १८८९ मध्ये पुष्कळ वाढवून लिहिलेला. हा दुसरा ग्रंथ अटी, हेतू, परोक्ष कथन यांच्या बाबतीत अजूनही वाचण्याजोगा आहे. यातून एक व्यावहारिक नियम निघतो: तुमच्या हातातील टिपांची आवृत्ती ज्या व्याकरणाचा हवाला देते, ते व्याकरण निदान पडद्यावर तरी उघडता आले पाहिजे. हवाले पानांचे नसून कलमांचे असतात, त्यामुळे त्याच आवृत्तीची कोणतीही छापील प्रत चालते.

नव्या कराराच्या वाचकांसाठी ब्लास व डेब्रुनर यांचे व्याकरण, फंक यांच्या १९६१ च्या इंग्रजी रूपात, प्रमाण मानले जाते. पण ते अ‍ॅटिक येणाऱ्या वाचकाला समोर धरून लिहिलेले असल्यामुळे प्रत्येक गोष्ट 'अभिजात भाषेहून येथे काय वेगळे' अशा अंगाने सांगते. मिरजेच्या बाईंनी आधी तेच आणले आणि महिनाभर हैराण झाल्या. त्यांना पुढे वॉलेस यांचे १९९६ चे वाक्यरचनेवरचे पुस्तक जमले, कारण ते विद्यार्थ्याला शेजारी बसवून बोलते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेव्हा फंक यांचे इंग्रजी रूप किंवा वॉलेस यांचे पुस्तक यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते, याची आठवण बाई आम्हाला अधूनमधून करून देतात. होमरसाठी मन्रो यांचे १८८२ चे व्याकरण, दुसरी आवृत्ती १८९१, जुने असूनही कामाचे आहे आणि फुकट आहे. जर्मन येत असेल तर क्यूनर यांच्या नावाने ओळखले जाणारे चार खंड आहेत; ज्याला त्यांची गरज पडेल त्याला माझ्या सल्ल्याची गरज उरलेली नसेल. पिशवीत टाकून न्यायला मॉरवूड यांचे २००१ चे छोटे पुस्तक बरे, तक्ते स्वच्छ आहेत.

संस्कृत येणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण साताऱ्याकडे, विशेषतः वाईच्या परिसरात, जुन्या पद्धतीने संस्कृत शिकलेली माणसे अजून भेटतात आणि त्यांना ग्रीक फार लवकर उलगडते. दिदोमि पाहिले की ददामि दिसते, तिथेमि पाहिले की दधामि. भूतकाळात धातूच्या आधी येणारा 'ए' हा आपला 'अ' आगम, द्विवचन ओळखीचे, आत्मनेपद ओळखीचे. फ, थ, ख हे महाप्राण अभिजात काळात आपल्यासारखेच उच्चारले जात, त्यामुळे उच्चारांचे प्रकरण, ज्यावर इंग्रजी पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात, आपण पाच मिनिटांत संपवतो. अशा वाचकाने तुलनात्मक टिपा असलेले व्याकरण शोधण्याचा मोह होईल, पण पहिल्या पुस्तकासाठी तो निकष धरू नये. तुलना आपण स्वतः करतोच. पुस्तकाकडून हवे असते ते जेथे तुलना फसते तेथे सावध करणे.

ती दोन ठिकाणी हमखास फसते. एक म्हणजे विभक्ती. ग्रीकमध्ये पाचच आहेत. पंचमीचे काम षष्ठीने गिळले आहे, आणि तृतीया व सप्तमीचे काम चतुर्थीने. त्यामुळे साधन, स्थळ, काळ यांची कलमे चतुर्थीच्या प्रकरणात शोधावी लागतात, आणि आपली सती सप्तमी तेथे षष्ठीत भेटते. ज्या पुस्तकात विभक्तीचे उपयोग अर्थानुसार स्पष्ट शीर्षकांनी वेगळे केलेले आहेत, ते संस्कृतवाल्याला लवकर सरावाचे होते. दुसरे, जास्त धोक्याचे ठिकाण म्हणजे एओरिस्ट हे क्रियापदाचे रूप. रूपाने तो आपल्या लुङ्चा, म्हणजे संस्कृतातील एका भूतकाळाचा, भाऊ आहे, म्हणून अद्यतन-अनद्यतन भूतकाळाचा हिशेब डोक्यात ठेवून माणूस वाचू लागतो आणि आज्ञार्थातला एओरिस्ट पाहिला की अडतो: आज्ञा भूतकाळात कशी द्यायची? खरे पाहता तेथे काळाचा संबंधच नाही. मराठीत 'औषध घे' आणि 'औषध घेत जा' यांत जो फरक आहे, तो ग्रीक एओरिस्ट आणि वर्तमान यांच्या आज्ञार्थांत असतो, म्हणजे क्रिया एकसंध पाहायची की चालू, हा. केंब्रिजचे व्याकरण ही गोष्ट सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगते आणि मग उदाहरणांतून पक्की करते. संस्कृतवाल्याने पुस्तक घेण्यापूर्वी हे एकच प्रकरण वाचून पाहावे.

आणि ग्रीकमध्ये जे आहे पण मराठी-संस्कृत दोन्हींत नाही, त्याकडे दुर्लक्ष करू नये: आर्टिकल. हो, हे, तो ही तीन रूपे दिसायला बिचारी आहेत, पण ग्रीक भाषा त्यांच्या जोरावर अख्खे वाक्यांश, अव्यये, भाववाचके, सगळ्यांना नाम बनवते. ज्या पुस्तकात आर्टिकलला दीड पान दिलेले आहे, ते आपल्यासाठी नाही.

खरेदीबद्दल थोडे. काही वर्षांपूर्वी मी स्माइथची एक स्वस्त छापील प्रत ऑनलाइन मागवली. जुन्या पुस्तकाचे स्कॅन करून, यंत्राकडून अक्षरे ओळखवून, मागणीनुसार छापलेली ती प्रत होती. इंग्रजी मजकूर जवळपास ठीक होता; ग्रीक शब्दांच्या जागी मात्र रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि टक्केवारीची चिन्हे यांची मिसळ झालेली होती, आणि शेवटची सूची गायबच. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून अशा प्रतीचे आतील पान पाहिल्याशिवाय मी ती घेत नाही. पाहताना ग्रीक स्वरांवरची चिन्हे स्पष्ट आहेत का, हे भिंगाखालीही पटले पाहिजे, कारण आघाताचे एक चिन्ह इकडचे तिकडे झाले तर शब्दच बदलतो. त्यापेक्षा स्वामित्वहक्कमुक्त आवृत्तीच्या पानांची चित्रे असलेली प्रत उतरवून घ्यावी आणि आपल्याला लागणारी प्रकरणेच झेरॉक्सच्या दुकानातून थोडी मोठी करून छापून घ्यावीत: अनियमित धातूंची यादी, ग्रीक सूची, अटींचे प्रकरण. स्पायरल बांधणी केली की पुस्तक टेबलावर सपाट राहते. नव्या पुस्तकाची अशी प्रत काढू नये. केंब्रिजचे विकतच घ्यावे, आणि गटात असाल तर एक प्रत पुरते.

आमची स्माइथची जी पहिली छापून घेतलेली प्रत होती, ती २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात गेली. तेव्हा मी गावभागात राहत होतो आणि जाड पुस्तके वजनामुळे खालच्या खणात ठेवण्याची माझी पद्धत होती. आता ती पद्धत उलटी आहे.

पुस्तक घरी आल्यावर पहिला महिना त्याला सूचीच्या वाटेनेच भेटावे. अडलेले वाक्य, त्याचे स्थळ आणि सापडलेल्या कलमाचा क्रमांक वहीत एका ओळीत लिहावा, आणि त्याच कलमाच्या कडेला पेन्सिलने त्या वाक्याचे स्थळ. आमच्या इतिहासाच्या सरांनी केंब्रिज घेतले, कोइनेसाठी बाईंचे वॉलेस अधूनमधून मागून नेतात, आणि पेरिप्लसमधील रूपांसाठी स्माइथची छापील पाने वापरतात. गेल्या रविवारी ते पैठणच्या वाक्यापाशी पोहोचले. 'वीस दिवसांच्या वाटेवर' यातल्या 'दिवसांच्या' या शब्दाची षष्ठी कोणत्या उपयोगाची, हे त्यांनी षष्ठीच्या प्रकरणात परिमाण दाखवणाऱ्या कलमाखाली शोधून काढले, आणि वहीत त्याचा क्रमांक लिहिताना शेजारी 'पैठण' असे लिहिले.